दिव्यांची मान

हॅनफर्ड, ९ जुलै १९५०

लाउरियानो,

वर्षभरानं तुझं पत्र आलं. त्यात 'कशी आहेस' नाही. गाडीचा कागद माझ्या नावावर करून द्यायला तू तयार आहेस, आणि त्याच्या अटी, एवढंच आहे. त्या अटी मी पुन्हा लिहिते, म्हणजे उद्या असं बोललोच नव्हतो म्हणायला नको.

नोव्हेंबरातल्या शेवटच्या शर्यतीला गाडी वाळवंटातल्या कोरड्या तलावापर्यंत स्वतःच्या चाकांवर गेली पाहिजे. कुणाच्या ट्रेलरवर चढून नाही. तिथे धावली पाहिजे. दिवे लावून स्वतःच्याच चाकांवर घरी आली पाहिजे. आणि बाबांचा हात तिला लागता कामा नये. नाही जमलं तर तिला विकत मागणारा फ्रेस्नोचा तो माणूस डिसेंबरात येऊन घेऊन जाईल.

मान्य.

इंजिन चांगलं आहे. मी रोज संध्याकाळी लसूणघासाच्या शेताला एक फेरी मारते. पत्रा जसा होता तसा आहे. अडलंय ते दिव्यांशी. ज्या आडव्या दांडीवर ते बसायचे ती तुटून पडली आहे. तू घर सोडलंस त्या दिवशी गाडी गोठ्यात लावून व्हायसेलियाला सामान आणायला गेला होतास, दूध काढायची वेळ टळली होती, गाई ओरडत होत्या. बाबांनी ट्रॅक्टरची साखळी त्या दांडीत अडकवली आणि गाडी गोठ्यातून ओढून पावसात नेऊन उभी केली. तेव्हा ती वाकली. संध्याकाळी तू रागात ती सरळ करायला गेलास, तेव्हा ती तुटली. रात्री तू निघून गेलास. म्हणजे निम्मी त्यांनी मोडली, निम्मी तू. हे तुला आवडायचं नाही, पण दोन्ही वेळा मी तिथे उभी होते.

तशी दांडी आता मिळत नाही. मिळाली तरी नको. मला प्रत्येक दिव्याला वेगळी मान करायची आहे, चासीच्या टोकातून वर आलेली. दिवे मिळालेत. जर्दाळूचा एक ट्रक कालव्यात गेला होता, त्याचे. काचा शाबूत आहेत.

शर्यतीआधी काच म्हणून जे काही असेल ते उतरवावं लागतं, आणि परत निघताना पुन्हा चढवावं लागतं. सगळ्यांची भांडणं तिथेच होतात. वारा सुटलेला असतो, बोटं गारठलेली असतात, पाना सापडत नाही. चढवलेला दिवा सकाळी जिकडे बघत होता तिकडे संध्याकाळी बघत नाही. माझे दिवे पान्याशिवाय निघतील आणि पान्याशिवाय बसतील. बसले की आधी जिकडे बघत होते तिकडेच बघतील. तू चार वेळा प्रयत्न केलास आणि सोडून दिलंस, ते मला माहीत आहे. म्हणूनच ही अट घातलीस, हेही.

सध्या कॉफीचे दोन डबे झाडूच्या दांड्यांना बांधलेत आणि दांड्या मातीच्या बादल्यांत रोवून गाडीपुढे ठेवल्यात. डबे हलवते, रस्त्यापलीकडे जाते, बघते. वर घेतले तर गाडीला मागून कुणी चिमटा काढल्यासारखं दिसतं. लांब लांब ठेवले तर ती पेंगते. जवळ आणले तर शाळेतली बाई होते. काल शर्यतीच्या क्लबातला ड्वेन हॉब्स त्याच्या गाडीतून जात होता. थांबलाच.

"काय गं, कॉफीचं दुकान काढलंस?"

"तुला नाही मिळणार."

"एवढे खाली? जमिनीचा वास घ्यायचाय का त्यांना?"

"तुझे तर देवाला शोधतायत," मी म्हटलं.

गेला. डबे मी अजून दोन बोटं खाली घेतले.

बेल्मिरा

हॅनफर्ड, ३० जुलै १९५०

लाउरियानो,

पाइप मिळाला. जुना गोठा पाडायला काढलाय. गाईंची मान अडकवायचे उभे पाइप भिंतीशी रचून ठेवलेत. मानेनं मानेनं घासून ते इतके गुळगुळीत झालेत की कानस लावावीशी वाटत नाही. आतून पोकळ आहेत, म्हणजे दिव्याची वायर बाहेर लोंबणार नाही, मानेतूनच जाईल.

पोकळ पाइप वाकवला की वळणावर चपटा होतो. तुझे चारही असेच गेले असणार, भंगारात दोन सापडले. यावर उपाय म्हणजे पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं ठोकायची, मधला भाग लाल होईपर्यंत तापवायचा आणि ट्रॅक्टरच्या जुन्या चाकाभोवती सावकाश ओढायचा. आतली वाळू पाइपाला बसू देत नाही. हे मी लायब्ररीतल्या एका मासिकात वाचलं. वाळू कोरडी हवी असंही त्यात होतं. मी कालव्याच्या काठची आणली. हाताला कोरडी लागली.

पाइप लाल झाला, आतल्या ओलीची वाफ झाली आणि एका टोकाचं बूच सुटलं. बंदुकीच्या गोळीसारखं गेलं, गोठ्याच्या पत्र्यातून पार. गाईंनी त्या संध्याकाळी निम्मंच दूध दिलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मेलात का?"

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

दुसरं टोक धरायला माणूस लागतोच. माणूस मिळाला.

नंतर वाळू आम्ही आईच्या अंगणातल्या भट्टीत भाजली. सणाचे गोड पाव भाजतात त्याच भट्टीत. आईनं बघितलं. म्हणाली, "आता त्यात पाव नाही, विटाच भाजा." दोन दिवस बोलली नाही. पण वाळू पिठासारखी कोरडी झाली. काल पहिली मान वाकली. खालून सरळ येते, पुढे झुकते, मग वर वळते. कुठेही चपटी नाही. मी बोटानं आतून चाचपून बघितली.

कोरियात युद्ध सुरू झाल्यापासून गोदीत दुहेरी पाळ्या आहेत असं लिहिलंस. जेवतोस का नीट?

बेल्मिरा

हॅनफर्ड, २७ ऑगस्ट १९५०

लाउरियानो,

तुझं पत्र एका ओळीचं होतं. 'पाइप कोण धरतं?'

जर्मानो काका धरतात. त्यांची पाठ आता बरी आहे.

दोन्ही माना चासीला लागल्या. शॉकअॅब्सॉर्बर जिथे बसतो तिथेच बोल्ट टाकले, वेगळं भोक पाडलं नाही. वेल्डिंग मीच केलं. गोठ्याची फाटकं जोडून जोडून हात बसलाय. अंगणात गाडी उभी केली, दिवे ठेवले, इंजिन सुरू केलं. आणि दिवे मान हलवायला लागले. हो, हो, हो. इंजिन जेवढं सावकाश फिरेल तेवढे जास्त. गल्लीतली पोरं गोळा झाली, गाडीला प्रश्न विचारायला लागली. "ड्वेन हॉब्स गाढव आहे का?" हो, हो, हो.

मला हसू आलं नाही. आठवडाभरात डाव्या मानेला वेल्डिंगच्या कडेशी केसाएवढी चीर गेली. कापून काढली, पुन्हा जोडली, आतल्या बाजूनं तिकोनी पट्टी दिली. थरथर कमी झाली, थांबली नाही. लोखंडावर लोखंड बसलं की थरथर सगळीच्या सगळी वर चढते. मधे काहीतरी मऊ हवं होतं. दुकानातल्या रबरी चकत्या टिकल्या नाहीत, तेलानं फुगल्या.

मग एका सकाळी गाडीच्या सीटवर चकत्या सापडल्या. जाड, काळ्या, बरोबर मापाच्या. दूधयंत्रात सडांना लावतात त्या जुन्या रबरी नळ्या कापून केलेल्या. त्या रबराला तेलाचं काही नाही आणि थरथर तर त्याचा रोजचा धंदा. बोल्टच्या वर एक, खाली एक. आता इंजिन कसंही फिरो, दिवे गप्प.

हुशार माणूस आहे, जर्मानो काका.

दिवा काढायचं आणि बसवायचं कोडंही सुटलं. यंत्राची झाकणं धुताना सुटलं. झाकणाला एक खाच असते, बादलीच्या काठावर एक गुटी, छोटा उंचवटा, असते. गुटी खाचेत बसल्याशिवाय झाकण बसत नाही, म्हणून ते रोज एकाच जागी बसतं, तू झोपेत असलास तरी. मी मानेच्या टोकाला तशीच खाच कापली, हॅकसॉनं आणि मग कानशीनं. दिव्याच्या दांड्याला गुटी जोडली. दांडा मानेत सोडायचा, गुटी खाचेत पडते, टक् होतं. खालून हातानं फिरवायचा नट. वायरीला दोन पायांचा प्लग. संपलं.

मग गोठ्याच्या भिंतीवर खडूनं दोन फुल्या काढून दिव्यांची नजर लावली. मी चालवायच्या जागी बसले, शेजारच्या जागेवर वजन ठेवलं. रिकाम्या गाडीत नजर लावली तर माणसं बसल्यावर शेपूट खाली जातं आणि दिवे झाडांकडे बघतात. ड्वेनच्या गाडीचं तेच झालंय, पण मी त्याला सांगत नाही.

बेल्मिरा

हॅनफर्ड, ८ ऑक्टोबर १९५०

लाउरियानो,

ते वजन बाबा होते.

पाइपही त्यांनीच धरला. पहिल्यापासून. जर्मानो काकांची पाठ बरी नाही, ते खुर्चीतून उठतात तेच उपकार. चकत्याही बाबांनी कापल्या.

मी त्यांना बोलावलं नव्हतं. पहिला पाइप मी तापवत होते, एका हातात गॅसची ज्योत, दुसऱ्या हातानं टोक ओढत होते आणि ते निसटत होतं. बाबा बादल्या घेऊन चालले होते. थांबले. बादल्या खाली ठेवल्या, टोक धरलं. "वाकव," म्हणाले. दुसरं काही नाही. वाकवल्यावर बादल्या उचलून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आले आणि बादल्या आणल्या नव्हत्या.

बूच उडालं तेव्हा त्यांनी क्रॉस केला आणि पत्र्यातलं भोक बघत राहिले. "हे शाळेत शिकवतात?"

"लायब्ररीत," मी म्हटलं.

"बंद करायला पाहिजे."

भिंतीवर नजर लावायची होती त्या दिवशी मी म्हटलं, "बसा."

"मी त्या भंगारात बसत नाही."

"मग दुधाचे दोन भरलेले कॅन आणून ठेवा."

"सांडतील," म्हणाले आणि बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, चर्चमधे बसल्यासारखी. बराच वेळ भिंतीकडे बघून म्हणाले, "डावा वर बघतोय." खरंच बघत होता.

मग तिथेच बसल्या बसल्या म्हणाले, "साखळीचा हूक लावायला दुसरी जागाच नव्हती."

"मागे होती."

"मागे चिखल होता."

मी उतरून डावा दिवा जरा खाली केला. थोड्या वेळानं म्हणाले, "मागूनच लावायला हवा होता."

हे त्यांनी मला सांगितलं. तुला सांग असं म्हणाले नाहीत. मीच सांगते आहे.

तुझी अट त्यांना ठाऊक आहे. मी जुलैतच सांगितली होती. परवा त्यांना म्हटलं, लाउरियानोला लिहिणार आहे. ते दूध गाळत होते.

"लिहू नकोस. कागद देणार नाही तो."

"तुम्ही हात लावलाय."

"नाही लावला."

"बाबा."

"पुसून टाक मग."

मी दोन दिवस विचार केला. गाडी मला हवी आहे. किती हवी आहे ते तुला कळेल, कारण तुलाही तशीच हवी होती. काका धरतात असं लिहिलं तेव्हा वाटलं होतं, नोव्हेंबरापर्यंत निभावेल, कागद आला की झालं. पण रोज ते टोक त्यांनी धरायचं आणि पत्रात नाव दुसऱ्याचं लिहायचं, हे मला जमत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मला राग आला असता. त्यांना येत नाही, म्हणून मला येतो.

मी क्षमा मागत नाही. लोखंड तापलेलं असतं तेव्हा दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि या घरात तू नव्हतास. तीन अटी मी पाळीन. चौथी मोडली आहे. कागद फाडायचा असेल तर फाड, फ्रेस्नोवाल्याला कळवायचं असेल तर कळव. बारा नोव्हेंबरच्या रविवारी मी तलावावर जाणार आहे. तोवर गाडी तुझ्या नावावर आहे आणि माझ्या अंगणात आहे.

बेल्मिरा

हॅनफर्ड, १३ नोव्हेंबर १९५०

लाउरियानो,

तू उत्तर दिलं नाहीस. तरी सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगून हे पूर्ण होणार नाही.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं की रविवारचं दूध जर्मानो काकांचे जावई काढतील, काका खुर्चीतून लक्ष ठेवतील. आईच्या हातातून चमचा पडला. बाबांनी त्यांच्या लग्नाच्या दिवशीही दूध काढलं होतं. "मुलगी एकटी त्या पोरांत कशी जाईल?" म्हणाले. कुणाला पटलं नाही. सकाळी चर्चचा कोट घालून गाडीत बसले, मांडीवर सॉसेज, चीज आणि गोड पाव.  घाट चढल्यावर म्हणाले, "ट्रॅक्टरपेक्षा बरी आहे."

तलाव तसाच आहे. पांढरा, सपाट, टोक दिसत नाही. मी दिवे उतरवले, चादरीवर ठेवले आणि रांगेत लागले. झेंडेवाला पुढे आला. नवा आहे, तू ओळखणार नाहीस.

"गाडी कोण पळवणार?"

"मी."

"बायकांना सोडत नाही आम्ही."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये. पण सोडत नाही."

बाबांना इंग्रजी अर्धं कळतं. "काय म्हणतो?"

"मी चालवायची नाही म्हणतो. पुरुष पाहिजे."

बाबांनी मान डोलवली. मला बाहेर यायची खूण केली, स्वतः आत बसले, टोपी घट्ट केली आणि समोर दिसेल ते ओढायला लागले. इंजिन किंचाळलं. गाडीनं एक उडी मारली, झेंडेवाल्याच्या बुटापर्यंत.

"याला चालवता येते ना?" त्यानं मला विचारलं.

"ट्रॅक्टर येतो. ब्रेक कुठला ते अजून शोधतायत."

"उतरव. उतरव त्यांना. तूच जा, बाई."

गेले. वेग सांगत नाही. ड्वेनपेक्षा कमी, ड्वेनच्या भावापेक्षा जास्त. त्या पांढऱ्या जमिनीवर गाडी सरळ होत गेली, हलकी होत गेली, आणि मला कळलं की तू दूध काढायची वेळ का विसरायचास. हे मी बाबांना सांगितलेलं नाही.

चार वाजता वारा सुटला. सगळे गाडीपुढे गुडघे टेकून बसले, पाने, शिव्या, धूळ. मी चादर उचलायला वळले तर बाबांनी दिवे आधीच उचलले होते. दांडा मानेत सोडला, टक्. नट फिरवला. प्लग. दुसरा. टक्. ड्वेन हातातला पाना तसाच धरून बघत होता.

"पुन्हा दाखवा," तो म्हणाला.

बाबांना हे इंग्रजी बरोबर कळलं. दोन्ही काढले, दोन्ही बसवले. तोवर आणखी चौघं आले. पुन्हा काढले.

"बाबा, सर्कस लावलीत का?"

"बघू दे की," म्हणाले. "फुकट आहे."

घाट उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि खाली दरी नव्हती. धुकं होतं. इथलं धुकं तुला माहीत आहे, गाईची शेपटी दिसते तर शिंगं दिसत नाहीत. पायथ्याशी फळांचं एक बंद दुकान आहे, तिथे आमच्या क्लबाच्या सगळ्या गाड्या थांबल्या होत्या. घाईत चढवलेले दिवे, एक आभाळाकडे, एक खड्ड्याकडे. धुक्यात उंच दिवा लावला की समोर भिंत उभी राहते, पांढरी, आणि सगळा उजेड आपल्याच डोळ्यांत येतो. कुणी पुढे जाईना. कुणी म्हणालं, सकाळपर्यंत इथेच थांबू. ड्वेन म्हणाला, सकाळीही हेच असणार.

मी दिवे लावले. खाली होते ते, जमिनीचा वास घेत होते. धुकं रस्त्याला टेकलेलं नव्हतं, मधे वीतभर मोकळं होतं, आणि माझा उजेड नेमका त्या मोकळ्यातून गेला. डांबर दिसलं. मधली पांढरी रेघ दिसली. दोन्ही दिवे एकाच जागी बघत होते, भिंतीवरच्या फुल्यांकडे बघायचे तसेच.

"माझ्या मागच्या दिव्यावर नजर ठेवा," मी ओरडले. "आणि हॉर्न वाजवू नका."

ड्वेन हॉब्स माझ्या मागे लागला, लाउरियानो. त्याच्या मागे बाकीचे. आठ गाड्या. मी रेघ धरली. बाबा कमरेपर्यंत बाहेर वाकून रस्त्याची उजवी कड बघत होते. "आहे," म्हणायचे. "आहे. आहे. आहे." कड गेली की गप्प व्हायचे, मी डावीकडे घ्यायचे, मग पुन्हा, "आहे." दोन ठिकाणी ट्रक रस्त्याकडेला लावून उभे होते, ड्रायव्हर बाहेर सिगारेट ओढत होते. आमची माळ बघून त्यांतला एक ट्रकही शेवटी मागे लागला.

डेलानोला एक गाडी वळली. हॉर्न वाजवू नका सांगितलं होतं, तरी वाजवून गेली. टिप्टनला दोन, दोघांनी वाजवले. टुलारीला ट्रक गेला, त्याचा हॉर्न जहाजासारखा होता, बाबा दचकून आत पडले. हॅनफर्डच्या चौकात ड्वेन माझ्या शेजारी आला. काच खाली केली. मला वाटलं, काहीतरी टोमणा येणार.

"असे दोन मला पाहिजेत," म्हणाला.

"रांग आहे," बाबा म्हणाले. इंग्रजीत.

अंगणात शिरलो तेव्हा काका खुर्ची बाहेर टाकून बसले होते, आई दारात. बाबा उतरले ते आधी दिव्यांपाशी गेले. दोन्ही हात दोन दिव्यांवर ठेवले आणि बराच वेळ ठेवले. मग म्हणाले, "गाईंनी किती दिलं?"

गेली. धावली. दिवे लावून परत आली. आता तू आणि फ्रेस्नोवाला काय ते ठरवा.

बेल्मिरा

हॅनफर्ड, ३ डिसेंबर १९५०

लाउरियानो,

कागद आला.

सही पूर्ण नावाची आहे, तिकडे म्हणवतोस ते लॅरी नाही. नव्या मालकाची जागा तू कोरी ठेवलीस, ती मी भरली. शाईचा डाग पडू नये म्हणून आईनं टेबलावरची पावाची परात उचलली आणि मी लिहीपर्यंत हातात धरून उभी राहिली. बेल्मिरा सिल्वेरा. मी ते तीन वेळा वाचलं आणि मग बाहेर जाऊन गाडीला दाखवलं. हस.

सोबतच्या चिठ्ठीत पहिली ओळ होती, 'पाइप धरताना त्यांनी हातमोजे घातले होते, असं मी धरून चालतो. म्हणजे हात लागला नाही.'

घातले होते. लाल झालेला पाइप उघड्या हातानं कोण धरेल? तुझेच होते, तू गेल्यापासून खुंटीवर होते ते. पण आता ते त्यांच्या हाताचे झालेत, ताणलेत, तुला व्हायचे नाहीत. दिवे मात्र त्यांनी उघड्या हातांनी धरले. तेही लिहून ठेवते, उगीच तुझ्याकडून काही चुकीचं धरून चालायला नको.

ती ओळ मी त्यांना वाचून दाखवली. गोठ्यात होते. गाईच्या कुशीला डोकं टेकवून, यंत्रानंतर उरलेलं दूध हातानं काढत होते, तसेच थांबले. धार बंद झाली. गाईनं मागे वळून बघितलं.

"पुन्हा वाच."

वाचली.

"हुशार आहे," ते म्हणाले. "माझ्यावर गेलाय." आणि धार पुन्हा सुरू झाली, जरा जोरात.

ड्वेनच्या माना वाकवून झाल्या. त्याच्या भावाच्या पुढल्या आठवड्यात. पाडलेल्या गोठ्याचे पाइप बाबा आता कुणाला हात लावू देत नाहीत, भंगारवाला आला होता त्याला फाटकातूनच परत पाठवला. रविवारी चर्चनंतर गाडीभोवती गर्दी होते. फादरही आले होते. बाबा दिवे काढतात, बसवतात, लोकांना टक् ऐकायला लावतात. मी चालवते हे सांगायला विसरत नाहीत, पण सगळ्यांत शेवटी सांगतात.

तू लिहिलंस की तिकडे एक जुनी दोन दारांची कूप गाडी घेतली आहेस, तिला दिवे नाहीत, मापं पाठव म्हणजे गोदीतल्या पाइपातून तिकडेच करून घेशील. मी मापं काढून ठेवली होती. जेवताना बाबांना म्हटलं, उद्याच्या टपालानं पाठवते.

"मापांनी होत नाही ते. गाडी समोर लागते."

"होतं की. कागदावर सगळं आहे."

"रस्त्यापलीकडून बघावं लागतं. तूच म्हणालीस."

"तो बघेल तिकडे."

"तिकडे रस्ते चांगले नाहीत."

"बाबा, तुम्ही तिकडे कधी गेलाय?"

"तू गप्प बस आणि लिही," ते म्हणाले. "गाडी घेऊन ये म्हणावं. नाताळात गाई कमी दूध देतात, वेळ असतो. दुसरं टोक धरायला माणूस लागतो."

म्हणून लिहिलं. मापं माझ्यापाशी आहेत. पाठवणार नाही.

बेल्मिरा